आंब्याच्या साईटवरची बारीक ओळ

मी मुळात कमी बोलतो. त्यामुळे ऐकलेलं खर्च होत नाही, साठत जातं. रत्नागिरीत इम्तियाज वेबसाईट बनवतो, त्याच्या ऑफिसात मी चहा करतो. यंदा बागायतदार अण्णा आंबे विकायची साईट करून घ्यायला आले आणि साठा फारच वाढला!

अण्णांच्या बायकोची, माईंची, नजर गेलीय. आधी आंब्याच्या ऑर्डरी त्याच बघायच्या. "फोन वाचून दाखवतो ना? मग मीच बघेन," हा त्यांचा हट्ट. नाही जमलं, तर पुतण्या बघणार, हे अण्णांनी ठरवूनच टाकलेलं.

*

साईटच्या माथ्यावर बारीक ओळ असते. मुख्यपान, आंबे, हापूस. आपण कुठून कुठे आलो ते कळावं म्हणून. तिला ब्रेडक्रम्ब म्हणतात. अण्णांनी ती निरखली.

"यात हातखंबा कुठाय?"

"हातखंबा कशाला, अण्णा?"

"मेल्या, हायवेवरून हातखंब्याला वळल्याशिवाय रत्नागिरीत कोण आलाय?"

*

इम्तियाजने त्या ओळीची अक्षरं पांढऱ्यावर फिकट पिवळी केली. अण्णांनी चष्मा पुसला. मग माझा मागून घेतला.

"अरे, नजर माईची गेलीय. माझी कशाला घालवतोस?"

अक्षरं काळी झाली!

*

मग अण्णांना दोन नावांच्या मध्ये बाण नको, छोटे छोटे आंबे हवे झाले. दिसायला झकास! माईंनी ऑफिसात येऊन फोन कानाशी धरला.

"मुख्यपान. चित्र, आंबा. आंबे. चित्र, आंबा. हापूस."

माई म्हणाल्या, "आंब्याशिवाय याला दुसरं सुचत नाही. आमच्या ह्यांनाच आत बसवलंत काय?"

इम्तियाजने आंबे ठेवले, पण फोनला ते वाचू नको म्हणून सांगितलं.

*

ओळीतलं शेवटचं नाव दाबून काही उघडत नाही, कारण आपण त्याच पानावर असतो. अण्णा दाबतच राहिले. "बिघडलाय हा!"

माईंनी फोन काढून घेतला, बोट फिरवलं. फोन बोलला, "हापूस, सध्याचं पान."

"अहो, घरात बसून आपल्याच दाराची कडी काय वाजवताय?"

*

साईट सुरू झाली त्या सकाळी अण्णा ऑफिसात येऊन बसले. माई घरी. चहा ओततोय तोवर अण्णांचा फोन वाजला. पहिली ऑर्डर!

अण्णांनी मोठ्याने वाचली, "हापूस, एक पेटी, एक नंबर माल. वा!"

मग पत्ता वाचला आणि थांबले. पत्ता त्यांच्याच घरचा होता.

"खाली सूचना पण आहे," इम्तियाज म्हणाला.

अण्णांनी ती हळू आवाजात वाचली, "यंदा तरी घरी डागी आंबे नकोत."