रंगाखाली दबलेला अर्थ

बेलवलीला निघालेली प्रभुणेकाकांची स्पोर्ट्स कार दुसऱ्यांदा वाटेत बंद पडली आणि दोरीने ओढत माझ्या दारात आली. काका उतरले आणि बोनेटभोवती येरझाऱ्या घालायला लागले.

"बॅटरी नवीन. अल्टरनेटर उल्हासनगरहून वायंडिंग करून आणलाय. तरी चार्जिंग नाही. ह्याचा काही अर्थ लागतोय का तुला?"

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. काका शेजारच्या सोसायटीत राहतात, कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालेत. ही दोन सीटची जुनी गाडी त्यांनी आणि त्यांचे दोस्त सावंत यांनी सुट्ट्यांच्या दिवशी आपल्या हातांनी उभी केली. इंजिन सावंतांनी बांधलं. मग सावंत आजारी पडले, बेलवलीच्या घरातून बाहेर निघणं बंद झालं. त्यांचं एकच मागणं होतं, मला एकदा गाडीत बसव. काका म्हणत राहिले, आधी रंग होऊ दे. रंग होईपर्यंत सावंतांचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. उद्या सकाळी ते निघणार होते.

म्हणजे जे काय व्हायचं ते आजच. काकांच्या फेऱ्यांनी माझं डोकं फिरायला लागलं.

"काका, बसा जरा."

ते बसले आणि लगेच उठले.

सेल्फ मरत मरत फिरला, गाडी कशीबशी चालू झाली. मी लाइट लावले आणि मीटर बॅटरीला धरला. चालू गाडीत इथे चौदाच्या वर व्होल्ट दिसायला हवेत, तर बॅटरी भरते. दिसले साडेबारा. मी तडक उल्हासनगरच्या दुकानाला फोन लावला.

"शेठ, अल्टरनेटर बराबर नहीं दिया."

"टेस्ट करके दिया है, भाई," शेठ शांतपणे म्हणाले. "पहले मीटर उधर लगाके देख, बाद में मेरे को बोल."

मीटर थेट अल्टरनेटरवर लावला. चौदाच्या वर. शेठचं खरं होतं. वीज तयार होत होती, पण बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. मी प्लसची वायर टोकापासून टोकापर्यंत तपासली. चांगली होती. माझी चिडचिड वाढत चालली होती, आणि तेवढ्यात काका म्हणाले, "ॲक्सिलरेटरही जड झालाय रे. मगाशीच बोललो तुला."

मगाशी मी ऐकलं नव्हतं. ॲक्सिलरेटरच्या वायरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. वायर चांगलीच तापली होती.

पायाने ओढायची ही वायर. तिच्यातून वीज जायचं काही कारणच नाही. नेहमीची वाट बंद असेल तरच वीज असली आडवाट धरते.

विजेला बॅटरीतून निघून पुन्हा बॅटरीत परतावं लागतं. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. त्याला आम्ही अर्थ म्हणतो. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून ते तांब्याच्या विणलेल्या पट्टीने पत्र्याला जोडतात. मी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनला लावली. इथे शून्याच्या आसपास यायला हवं होतं. जवळजवळ दोन व्होल्ट आले. पट्टी कुठे बसते ते बघायला वाकलो, तर बोल्टाखालीसुद्धा लालभडक, गुळगुळीत रंग होता. रंगातून वीज जात नाही, म्हणून ती इंजिनातून पत्र्याकडे जाणाऱ्या ॲक्सिलरेटरच्या वायरमधून परतत होती.

"पेंटरने इथेही मारला?"

"मीच सांगितलं होतं," काका अभिमानाने म्हणाले. "नखाएवढाही पत्रा उघडा दिसता कामा नये. पट्टी काढून आतून तीन हात मारून घेतले."

मी पॉलिश पेपर काढला. काकांनी माझं मनगट धरलं.

"रंगाला हात लावायचा नाही. दुसरीकडे कुठेतरी जोड."

"दुसरीकडेही रंगच आहे, काका."

"मग वायर ओढ बॅटरीपर्यंत."

"तेवढी जाड वायर आणायला उल्हासनगरला जावं लागेल, त्यातच दिवस जाईल. आणि उद्या सावंत जातील."

ते हात सोडेनात. मलाही राहवलं नाही. "काका, त्यांनी रंग बघायला मागितलं होतं की गाडीत बसायला?"

काका मनगट सोडून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी रुपयाएवढा पत्रा चकचकीत घासला, पट्टी कसली, गंज चढू नये म्हणून वरून काळं ग्रीस फासलं. सेल्फ एका झटक्यात फिरला. बॅटरीवर चौदाच्या वर व्होल्ट आले. ॲक्सिलरेटरची वायर हळूहळू गार पडली.

तरी चैन पडेना. मीटर स्कूटरच्या डिकीत टाकून मी काकांच्या मागे बेलवलीपर्यंत गेलो.

सावंत वॉकर धरून फाटकात उभे होते. रंगाकडे त्यांनी बघितलंही नाही. "बोनेट उघड," म्हणाले. काकांनी उघडलं. सावंतांची नजर इंजिनावरून फिरत लाल पत्र्यावरच्या त्या काळ्या ठिपक्यावर थांबली.

"तीट लावलीस?"

"ह्याने लावली," काका माझ्याकडे बोट दाखवून पुटपुटले.

"बरं केलं," सावंत म्हणाले. "तुझीच नजर लागली होती तिला."

मग दोघं मिळून खरवईच्या दिशेने गेले. परत यायला त्यांनी इतका वेळ लावला की सावंतांचा मुलगा माझ्यावरच चिडला.

हल्ली नवीन रंग मारलेली गाडी आली की मी आधी बोल्टाखालचा पत्रा बघतो. आणि मालक दुसरं काय सांगतोय, तेही ऐकतो.