दादाने पाहिलेलं पाळणाघर

माझा थोरला भाऊ सातपूरच्या एका कारखान्यात कामगारांचा पुढारी होता. तरुणपणी संघटनेने त्याला सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर पाठवलं. तिथल्या कापडगिरणीतलं पाळणाघर पाहून तो असा भारावला, की पुढे वर्षानुवर्षं जेवताना आम्ही तेच ऐकलं: स्वच्छ खाटा, गरम दूध, मधल्या सुट्टीत लेकराला पाजायला येणाऱ्या बाया. मी शाळेत इतिहास शिकवायचे. "आणि तुरुंग दाखवले का रे तिथले?" असं विचारलं की तो ताटावरून उठायचा. पुढे तो देशच उरला नाही, आमचं भांडण मात्र उरलं.

गेल्या हिवाळ्यात पंचवटीतल्या एका वाचनालयाने समाजवादी देशांवर चर्चा ठेवली आणि दादाला बोलावलं. आता त्याला जिना चढवत नाही. मी हात धरून वर नेलं. त्याचं बोलून झाल्यावर कॉलेजातली एक मुलगी उठली. "काका, तुम्ही तिथल्या बायकांशी बोललात?"

दादाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकीशी बोललो. सुखात आहेस का, विचारलं. तिने तोंड उघडायच्या आत दुभाषाच हो म्हणाला. तिने मान खाली घातली." मग म्हणाला, "पण दूध खरंच गरम होतं. आमच्या बाया तेव्हा पोरं शेजारणीकडे टाकून कामावर यायच्या. ते बघून आलो म्हणून इथे भांडलो, पाळणाघर मिळवलं. कंत्राटी भरती आली आणि त्याला कुलूप लागलं."

त्याचा जुना सहकारी भडकला. "आजच सांगायचं होतं हे?" मागून कुणी ओरडलं, "मग अजून कौतुक कशाला करता?" दोन्हीकडचे त्याच्या डोक्यावरून भांडू लागले. त्याने पाणी मागितलं, ते कुणाला ऐकूच गेलं नाही. मी उठून आणून दिलं.

रिक्षात मी विचारलं, "मला कधी बोलला नाहीस, दादा?"

"तू दुभाषा तेवढा घेतला असतास, आमच्या लोकांनी दूध," तो म्हणाला. "दमलो गं मी."

त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. रविवारी मी जाते, तेव्हा पेपर पुढ्यात असतो, पण तो वाचत नसतो. चहा होतो. वहिनीच्या गुडघ्यांबद्दल बोलतो, नळाला पाणी कधी येणार त्याबद्दल बोलतो, आणि मी निघते.