लहानूले टीबी नाई!

नवऱ्याचं नाव घेऊ नाई म्हन्तेत. मी घेते. लहानू! माह्या लहानूले टीबी नाई, टीबी नाई, असं बोंबलून बोंबलून माहा गळा सुकला. पन आयकते कोन?

आमचं घर चांद्यापाशी. लहानू ठेकेदाराच्या हाताखाली, तो नेईन त्या कारखान्यात जाये. गरम पाइपांवर पांढरं, कापसावानी सामान भिजवून थापायचं, जुनं झालं की खरडून काढायचं. घरी येये तं मिशासुद्धा पांढऱ्या. मी चिडवो, "बुढे झाले जी तुमी!" तोही हासे. मंग धाप लागू लागली. घागर उचलली की धाप, जेवता जेवता धाप. बिडीले कधी हात लावला नाई या मानसानं. गावातल्या डॉक्टरनं छाती ठोकून पाह्यली अन् म्हने टीबी. झालं! गोळ्या खाऊन तोंड कडू झालं, धाप तशीच. विहारात लोकं सरकून बसू लागले. तेही गिळलं मी.

पन सत्त्याऐंशी साली आमच्या पोरीले, गोकुळाले, दिवस गेले अन् तिची वरोऱ्याची सासू म्हने, "पह्यलं बाळंतपन माहेरी असते, मान्य. पन टीबीच्या घरात आमी नाई पाठवत." अंगाचा तिळपापड झाला माह्या. माय जिती असून पह्यलटकरीन पोर सासरी बाळंत होईन? मी लहानूले म्हनलं, "चला जी नागपूरले. मोठ्या दवाखान्यात टीबी नाई असं वदवूनच घेते."

गाडी वरोऱ्याले थांबली तशी मी सासूच्या नावानं बोटं मोडली. लहानू म्हने, "चूप बस वो, लोकं पाह्यतेत." तेवढंही त्याले एका दमात बोलता आलं नाई.

नागपूरचा डॉक्टर तरनाच होता. त्यानं छातीचा फोटो उजेडाले धरला, काम काय ते इचारलं, पांढऱ्या सामानाचं आयकून फोटो पुन्हा उजेडाले धरला. मंग म्हने, "बाई, हा टीबी नाही. ते सामान म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. त्याचे बारीक तंतू फुप्फुसात रुतून बसलेत. हे दुसऱ्याला लागत नाही."

"मी म्हनत नोती का!" मी लहानूच्या पाठीत धपका घातला. "आता पाह्यते सासू कशी नाई पाठवत! द्या साहेब, आता बरोबरच्या गोळ्या द्या याले."

"यावर गोळ्या नाहीत, बाई. टीबी असता तर बरा झाला असता. हे बरं होत नाही. धाप वाढतच जाणार."

मी टेबलावर हात आपटले. "मंग टीबीच म्हना ना, साहेब! राहू द्या पोरीले सासरी, नाई बोलावत मी तिले. टीबीच असू द्या याले!"