उशाशी लावलेला गजर

बंद घड्याळ कानाशी धरून कुठलं चाक अडलंय ते सांगण्यात घड्याळजींचा हात धरणारा कुणी नव्हता. माणूस भला, पण आपल्याला सगळंच कळतं, ही एक खोड. बायको म्हणायची, "लोकांची घड्याळं खोलता तशी माणसंही खोलून बघाल एखाद दिवशी!" यावर ते खूश होऊन हसायचे.

थोरली लेक सोळा वर्षांची. गजर वाजला की दचकायची, दोनदा तर बेशुद्ध होऊन पडली. मिनिटभरात उठायची, पाणी प्यायची आणि स्वतःच हसायची. भित्री भागूबाई, दुसरं काय! पण घड्याळजीच्या पोरीनं गजराला भ्यावं हे बापाला लागलं. सवयीनं भीती मोडते, असं त्यांनी आपलं ठरवून टाकलं. एका सकाळी बायको बाजारात गेली होती. त्यांनी दुकानातलं सगळ्यात कर्कश घड्याळ आणलं, गजर लावला आणि झोपलेल्या पोरीच्या उशाशी ठेवलं.

गजर झाला. ती ताडकन उठून बसली, बापाकडे पाहिलं आणि कोसळली. त्यांनी हाका मारल्या, पाणी शिंपडलं, शेजारी गोळा केले. पोर उठली नाही. बायको यायच्या आत घड्याळ मात्र दुकानाच्या खणात गेलं. "झोपेतच गेली," एवढंच ते सगळ्यांना सांगत राहिले.

इतकी तरणी पोर अशी जाते म्हणजे घरच्या सगळ्यांची हृदयं तपासा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. दोन महिन्यांनी तपासणी झाली. धाकट्या लेकीच्या आणि घड्याळजींच्या हृदयाच्या आलेखात, म्हणजे ईसीजीत, एकच दोष निघाला.

"हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात," बाई समजावून सांगू लागल्या. "त्यांतून क्षारांची ये-जा होते, त्यावर ठोका चालतो. तुमच्या घरात त्यातलं एक दार बिघडलंय. ठोक्यानंतर हृदय सावरायला उशीर लागतो, आणि तेवढ्यात धक्का बसला तर ते नुसतंच थरथरतं. कुणाला पळताना होतं, कुणाला पोहताना, कुणाला आवाजानं. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ आहे. तोवर हिला कशापासून जपायचं ते ठरवायचंय. थोरलीला नेमकं काय झालं होतं?"

"झोपेत होती हो ती," बायको म्हणाली.

घड्याळजींनी मागे वळून पाहिलं. बाकावर बसलेली धाकटी पाय हलवत होती. आठ वर्षांची. आता गप्प बसलो तर हीसुद्धा जाईल, एवढं त्यांना लख्ख कळलं.

"गजरानं," ते म्हणाले. "उशाशी मी लावला होता. भीती मोडावी म्हणून."

बायकोनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. रडली नाही. मग बाईंकडे वळली.

"लिहून घ्या डॉक्टर. आवाजानं झालं, असं हिच्या कागदावर लिहून घ्या."

तिनं धाकटीचा हात धरला आणि उठली. दाराशी थांबून, मागे न बघता म्हणाली, "उद्यापासून हिला सकाळी मी उठवीन. तुम्ही तिच्या खोलीत जायचं नाही."