बाबांच्या शिंकेचं गाणं

माईकवाला माईक तपासताना कधी ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचा नाही. तो बाबांच्या शिंकेचं गाणं म्हणायचा. लहानपणी त्याने आणि ताईने मिळून ते रचलं होतं. बाबा शिंकण्याआधी नाक वर करून कितीतरी वेळ थांबत, सगळं घर श्वास रोखून बसे, आणि मग अशी शिंक येई की फळीवरची भांडी वाजत. गाण्यात कुजबुजही होती नि गर्जनाही, त्यामुळे माईकची आयतीच परीक्षा होऊन जाई.

पुढे ताई गायिका झाली आणि हा तिच्या मागे वायरी गुंडाळत देशोदेशी हिंडू लागला. बाबा गेले, तशी ताई विरहाचीच गाणी गाऊ लागली. हसणं तिने जणू टाकूनच दिलं.

एका परक्या शहरात सभागृहाचे दरवाजे लवकर उघडले. हा आपला डोळे मिटून गात होता. गाता गाता तो जुन्या स्वयंपाकघरात पोहोचला होता, फरशीवर ऊन पसरलं होतं, बाबांनी नाक वर केलं होतं. शिंक झाली आणि अंधारातून टाळ्यांचा कडकडाट आला. भाषेचं अक्षर न कळणारे लोक हसून हसून बेजार झाले होते. पुढच्या देशातही तेच झालं. भोळा माणूस, हरखून गेला.

ताईचं मात्र डोकं फिरलं. “परक्यांपुढे बाबांचं हसं करतोस?” एवढं बोलून तिने अबोला धरला. बाबांनंतर तिच्याशिवाय त्याला होतं कोण?

तिसऱ्या देशात त्याने गाण्याचं नाव काढलं नाही. पण लोकांनी आधीच्या कार्यक्रमाची चित्रफीत पाहिली होती. ते नाकं वर करून बसलेच होते, आणि आयोजक काही ऐकेनात. त्याने पडद्याआड पाहिलं, तर ताई पाठ फिरवून उभी.

नाइलाजाने त्याने सुरुवात केली. शिंकेपाशी आला, नाक वर केलं. आता शिंकलो तर ताई कायमची तुटेल, असं त्याला वाटलं. तो थांबला तो थांबलाच. सभागृह श्वास रोखून बसलं, अगदी त्यांच्या घरासारखं.

तेवढ्यात पडद्यामागून शिंक आली. हुबेहूब बाबांची.

लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. ताई डोळे पुशीत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“बाबा याहून जास्त थांबायचे रे,” ती म्हणाली. “पुन्हा घे.”