दाजींचं लॅव्हेंडर

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत एका फाउंड्रीत मातीचे साचे भरायच्या कामावर होते. काम चांगलं करायचे, हे मान्य करते. त्यानंतर त्यांच्याबद्दल चांगलं बोलायचा प्रसंग माझ्यावर फारसा आला नाही.

एक दिवस ते काम सोडून घरी आले. हातात खोकं, खोक्यात अंगठ्याएवढ्या जांभळ्या बाटल्या. "आता मातीत हात घालायचा न्हाय. आता फुलांचा धंदा," ते म्हणाले. ते लॅव्हेंडरचं तेल होतं. वडगावात त्यांच्या गल्लीत तोवर कुणी लॅव्हेंडरचं झाडही पाहिलं नव्हतं, दाजींनीही नाही.

आक्का घरच्या दोन यंत्रमागांवर साड्या विणते. तिला लहानपणापासून दमा. सुताचा भुसका नाकातोंडात जातो, म्हणून तोंडाला फडकं बांधून मागावर बसते आणि छातीत ओढायचा पंप कायम हाताशी ठेवते. पंप वेळेवर घेतला की तिला काही होत नाही. हे दाजी लग्नापासून बघत आले होते.

तेलाचे फायदे सांगायला निपाणीच्या एका मंगल कार्यालयात सभा होती. दाजींनी आक्काला नेलं आणि सोबत मलाही. सुटाबुटातला एक माणूस हिंदी-मराठी मिसळून बोलत होता. झोप येत नाही, हे तेल. केस गळतात, हे तेल. भाजलं, कापलं, गुडघे धरले, पोराचं अभ्यासात लक्ष नाही, म्हैस दूध चोरते, सगळ्याला हेच तेल. म्हशीवर लोक हसले, तर तो त्यांच्याहून मोठ्यानं हसला आणि ताबडतोब दम्यावर आला. उशीवर चार थेंब टाका, औषधं आपोआप सुटतील. शेवटी सगळे टाळ्या वाजवू लागले. मीही वाजवल्या. मी बँकेत नोकरी करणारी, शिकलेली बाई, आणि शेजारची वाजवतेय म्हणून मीही वाजवल्या. दाजींची कीव करायच्या आधी मला माझी कीव येते, ती यासाठी.

वास चांगला होता, हेही सांगते. अंघोळीच्या पाण्यात थेंबभर टाकलं की बरं वाटायचं. आक्का कापसाचा बोळा त्यात भिजवून साड्यांच्या कपाटात ठेवायची, त्यानं कसर लागत नाही म्हणायची. एवढ्यावर थांबले असते तर त्या तेलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण एवढ्यावर थांबणारा माणूस कोट घालून निपाणीला जात नाही. दाजींनी कोट शिवून घेतला होता.

एका रविवारी दुपारी मी अनगोळच्या माझ्या घरून आक्काकडे गेले. माग बंद होते. दार ढकललं तर तेलाचा वास असा अंगावर आला की डोळ्यांतून पाणी आलं. खिडक्या सगळ्या लावलेल्या. स्टुलावर वाफ सोडणारं एक यंत्र घुरघुरत होतं. आक्का खाटेच्या कडेला बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर चढवून. ओठ काळेनिळे. समोर दाजी मोबाईल धरून उभे.

"आक्का, पंप कुठाय?" मी विचारलं.

तिला बोलता येईना. तिनं नुसतं दाजींकडे बघितलं.

"पंप मी ठेवलाय बाजूला," दाजी म्हणाले. "त्येची सवय लागतीय. जरा थांब की. आता मोकळं व्हईल बघ. ग्रुपवर टाकायला व्हिडिओ काढतोय."

"दाजी, ती मरायला लागलीय!"

"अगं, फुलाचं तेल हाय ह्ये. फुलानं कधी कुणाचं वाईट केलंय काय?"

मी त्यांच्या हातातला मोबाईल खाली पाडला. आयुष्यात पहिल्यांदा दाजींच्या अंगाला हात लावून त्यांना बाजूला ढकललं. खिडक्या उघडल्या, यंत्राची वायर ओढली. पंप देवाच्या फळीवर, निरांजनामागे सापडला. दोनदा ओढल्यावर आक्काला हुंकार देता आला. तिला रिक्षात घातलं आणि दवाखाना गाठला. दाजी सायकलवरून मागोमाग आले.

डॉक्टरीणबाई कन्नड होत्या. त्यांनी आधी विचारलं, "पंप एल्लिदे?" पंप कुठे आहे, एवढंच. मग नाकावर वाफाऱ्याचा मास्क लावला. संध्याकाळपर्यंत आक्काचे ओठ माणसासारखे झाले. "दम्याच्या पेशंटला उग्र वास चालत नाही. अत्तर असो, उदबत्ती असो, नाहीतर तेल," बाई मोडक्या मराठीत म्हणाल्या. मी दाजींना बोलवायला बाहेर आले. ते बाकावर एका म्हाताऱ्याशेजारी बसले होते. म्हाताऱ्याचा गुडघा सुजला होता आणि दाजी त्याला तेलाच्या धंद्याचं कार्ड देत होते.

त्या क्षणी मला राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

आक्का घरी आली ती तिसऱ्या दिवशी. मी म्हटलं, "चल माझ्याकडं. ऱ्हा महिनाभर."

"माग कोण चालवणार?" ती म्हणाली. मग दाजींना हाक मारली आणि शांतपणे सांगितलं, "ती खोकी आजच्या आज घरातनं जायाला पायजेत. न्हायतर तुम्ही जावा खोक्यांसंगट. मला दोन्ही चालतंय."

दाजी खोकी सायकलला बांधून घेऊन गेले. कुठे टाकली, कुणी विचारलं नाही.

आता ते खानापूर रोडला एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे-बिजागऱ्या देतात. मागच्या महिन्यात जेवताना मला शिंका येत होत्या. दाजींनी घास खाली ठेवला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आक्कानं वाढता वाढता त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी तो घास उचलून तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले.