मध्ये तोंड न घालणारा

प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडं कोडपेक्षा किस्सेच जास्त साचतात. भवानी पेठेत एका कापडदुकानाच्या वर आमचं ऑफिस. दुकानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देतो. तिथं नियम एकच: अडलं की आधी सगळी अडचण मोठ्यानं सांगायची. कुणालाही. सांगता सांगता चूक आपली आपल्यालाच दिसते.

*

इरफान टेबलफॅनला सांगतो. एकदा ठामपणे म्हणाला, टॅक्स बरोबर लागतोय. फॅननं डावीउजवीकडं मान हलवली.

"बराबर लगरा बोला ना तेरेकू!"

परत नकार. चिडून त्यानं कोड उघडला. टॅक्स दोनदा लागत होता.

*

लक्ष्मी लिहून काढते. मालकांना मेल लिहायला घेते, चूक सापडली की पुसून टाकते. एकदा पुसायच्या ऐवजी पाठवला गेला. शेवटची ओळ होती, "सापडलं, मीच गाढव."

मालकांचं उत्तर आलं, "व्हेरी गुड. असंच चालू ठेवा."

*

मालक वाचत नाहीत, ऐकतही नाहीत. दुसऱ्याच वाक्याला म्हणतात, "बंद करून चालू कर की." मोठ्या माणसांचं हेच. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार.

कॉलेजातल्या सरांकडं तर उत्तरही नव्हतं. शंका विचारली की म्हणायचे, आधी पोर्शन संपू दे. पोर्शन संपला, शंका राहिली. दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडलं.

त्या दिवसापासून अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्याशी बोलणं टाकलं. का सोडलंस, एवढंही विचारलं नाही. जेवायला बोलवायचं तरी आईकरवी. असल्या गप्प बसण्याला मी काडीची किंमत देत नाही. तरी घरात त्यांचा आवाज आला की कान तिकडंच जातो.

*

परवा रविवारी घरीच अडलो. आई बाजारात गेलेली. अप्पा समोर शेंगा फोडत बसलेले. म्हटलं, मध्ये तोंड न घालणारा याच्याहून चांगला कोण मिळणार? केली सुरुवात.

मंद्रूपचा एक दुकानदार. त्याच्याकडं गिऱ्हाईकानं माल परत केला की त्या गिऱ्हाईकाचं नावच यादीतून गायब व्हायचं. जुनं, रोजचं गिऱ्हाईक असलं तरी. परतीचा माल कुठं जातो, नाव कुठं असतं, सगळं सांगत गेलो. अप्पांनी मान वर केली नाही. आणि बोलता बोलताच दिसलं: मालाची नोंद पुसताना माणसाचीही पुसली जात होती.

वाक्य तसंच सोडून मी लॅपटॉप उचलला.

"उठलास कुटं?" अप्पा म्हणाले. शेंग हातातच होती. "त्या गिऱ्हाईकाचं पुढं काय झालं, ते सांग की."